डाव्या हाताची रेघ

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आणि आमच्या आत्तीला सगळं दिसायला लागलं. इतकं दिसायला लागलं की घरात राहणं मुश्कील झालं. पातेल्यांच्या बुडाची काजळी, फ्रिजमागची जळमटं, तिच्या लेकानं हनुवटीखाली सोडलेले दाढीचे खुंट, काही म्हणून सुटेना. चौथ्या दिवशी तिनं काळा चष्मा कपाळावर चढवला, माझं तोंड नीट निरखलं आणि म्हणाली, "अगं बया! लय म्हातारी झालीस की गं तू."

आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्या सांगलीकडे कितीतरी घरांत सासूला असंच म्हणतात. तिचं वय ऐंशीच्या आसपास असावं. आधार कार्डावरची जन्मतारीख कार्ड काढणाऱ्यानं आपल्या मनानं टाकलेली आहे आणि आत्ती ती खरी मानत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई. आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर. सासरे माधवनगरच्या कापड गिरणीत होते. पुढे गिरणी बंद पडली, सासरेही गेले, आम्ही मात्र तिथल्याच गल्लीत राहिलो. आत्ती मला नावानं हाक मारत नाही, 'मास्तरीण' म्हणते. कौतुकानं म्हणते की टोमणा मारते, हे अजून मला नक्की कळलेलं नाही.

ऑपरेशननंतर दर दोन तासांनी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळे मिटणं तिला जमायचं. न बोलणं जमायचं नाही. एका दुपारी अशीच ती कॉटवर उताणी पडली होती, मी घड्याळाकडे बघत शेजारी बसले होते, आणि ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मला लेण्यात न्ही."

"कुठल्या लेण्यात?"

"आगाशिवच्या. दुसऱ्या कुठल्या असनार?"

आगाशिव म्हणजे कराडजवळचा डोंगर. त्याच्या पोटात जुनी बौद्ध लेणी कोरलेली आहेत आणि त्याच्या पायथ्याला आत्तीचं माहेर होतं. होतं असंच म्हणायला हवं, कारण भाऊ मुंबईला गेले, घर पडलं, आणि पंधराव्या वर्षी लग्न होऊन माधवनगरला आलेली आत्ती त्या डोंगरावर पुन्हा कधी चढली नाही. आम्ही सगळे मिळून इतक्या ठिकाणी जाऊन आलो, पण माहेरच्या लेण्यांचं नाव काढलं की तिचं पोट तरी दुखायचं नाहीतर गुडघे तरी.

"आत्ताच बरं सुचलं?" मी म्हणाले.

"तू शाळंची पोरं घिऊन गेलीवतीस बघ तितं," ती म्हणाली. "माघारी आल्यावर लय तापलीवतीस."

मला आठवायला वेळ लागला नाही. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीच्या वर्गाची सहल घेऊन मी आगाशिवला गेले होते. तिथं एका लेण्यात एक स्तूप आहे. आख्ख्या खडकातून कोरून काढलेला, खाली गोल जोतं, वर घुमट, नक्षी अशी काही नाही. तो मुलांना दाखवताना मला जोत्याच्या कडेवर खोल चरे दिसले. सोबत आलेल्या गावातल्या एका माणसानं सहज सांगितलं की पूर्वी गवत कापणाऱ्या बायका यावर विळ्याला धार लावायच्या. माझं डोकं फिरलं. मुलांसमोर मी काय काय बोलले असेन ते मुलांनाच माहीत. घरी आले तरी राग उतरला नव्हता. जेवणाच्या ताटावर बसून मी नवऱ्याला सांगत होते, "दोन हजार वर्षांचं काम हो! आणि त्यावर विळे घासलेत, विळे! ज्या हातांनी हे केलं ना, ते हात झडले पाहिजेत."

त्या वेळी आत्ती आम्हाला आमटी वाढत होती.

"त्यातली एक रेघ माजी हाय," आत्ती कॉटवरून म्हणाली. "गेली का न्हाई, बगायचीया मला. आता डोळं आल्यात तवर."

माझ्या हातात थेंबांची बाटली तशीच होती. अशा वेळी माणसानं काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हणाले, "डोळे उघडू नका, अजून दोन मिनिटं आहेत."

त्या दोन मिनिटांत मला बारा वर्षं नीट दिसली. आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे. दर रविवारी सकाळी तिथं वंदना होते. आत्ती अंगणातली झेंडूची, तगरीची फुलं पिशवीत घालून न्यायची आणि बुद्धमूर्तीपुढे स्वतःच्या हातानं वाहायची. त्या सहलीनंतर कधीतरी तिनं ते बंद केलं. दारापाशी, चपलांच्या शेजारी जाऊन बसायला लागली आणि फुलांची पिशवी माझ्याकडे द्यायला लागली. "तूच व्हा," म्हणायची, "माजं गुडघं वाकत न्हाईत." तेच गुडघे दोन-दोन तास मेथी निवडायला बसले की छान वाकायचे, हे मला दिसत होतं. पण मला त्यात काही विचारावंसं वाटलं नाही. उलट "पुढं येऊन बसा की, लोक काय म्हणतील" म्हणून मी तिच्यावरच डाफरायची. आणि खरं सांगायचं तर पिशवी घेऊन सगळ्यांच्या पुढे जायला मला आवडायचंही. आता कळल्यावर मला इतकी लाज वाटली की ती उठून बसली तरी मी तिच्याकडे बघितलं नाही.

आत्ती डावखुरी आहे. भाकरी डाव्या हातानं थापते, आमटीचा डावही डाव्या हातात. त्या रात्री मी 'हात झडले पाहिजेत' म्हणाले तेव्हा ती कुठल्या हाताकडे बघत असेल, तेही मला त्या दुपारी कळलं.

जायचं ठरलं दिवाळीच्या सुट्टीत, कारण समोरच्या घरातल्या आमच्या शेजाऱ्याची गाडी तेव्हा मोकळी असते. त्याची शाळेच्या मुलांची व्हॅन आहे. त्याचे वडील आणि माझे सासरे गिरणीत एकाच खात्यात होते. ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा पहिल्यांदा आत्तीकडे येतो आणि आत्ती त्यात साखर कमी आहे असं न चुकता सांगते. तो स्वतः माझ्याकडे तिसरीला होता. आज दाढी पांढरी व्हायला लागली, पण मी बोलायला लागले की अजून त्याचे हात आपोआप पाठीमागे जातात. माझे यजमान आले नाहीत. नेमका त्याच दिवशी गॅसचा सिलिंडर येणार होता, असं त्यांचं म्हणणं. डोंगर चढायचा म्हटलं की आमच्या घरी नेहमीच सिलिंडर येतो.

सकाळी साडेसहाला शेजारी दारात हजर. व्हॅनच्या टपावर त्यानं एक लाल प्लास्टिकची खुर्ची बांधली होती.

"ही कशाला रं?" आत्तीनं विचारलं.

"आज्जी, तुमी खुर्चीत बसायचं. मी आन् बाई उचलून नेतो. माज्या मामूंच्या लग्नात नानींना तसंच नेलंतं गडावर."

"मडं हाय व्हय मी, खांद्यावरनं न्ह्यायला?" आत्ती कडाडली. "सोड ती खुर्ची. खाली ठिव."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी हळूच मान हलवली. खुर्ची टपावरच राहिली.

आत्ती पुढच्या सीटवर बसली आणि नव्या डोळ्यांचा पैसा वसूल करायला लागली. आष्ट्याच्या अलीकडे एका शेतात बगळे किती आहेत, उसाच्या ट्रॉलीवर किती माणसं बसलीत, कुठल्या बाईची साडी कसली, सगळं मोठ्यानं. पेठ नाक्याला चहा घेतला तेव्हा कपाला कान नाही हेही तिला दिसलं. हायवेच्या कामाची धूळ होती, गाड्या रखडत होत्या. मी मागे बसून मनात एक वाक्य जुळवत होते. 'आत्ती, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं.' एवढंच वाक्य. पाचवीच्या मुलालाही येईल. प्रत्येक वेळी तोंड उघडायची आणि बाहेर पडायचं, "कानाला वारं लागतंय, मफलर घ्या," नाहीतर "गोळी घेतली का बीपीची?" चौतीस वर्षं मुलांकडून माफी मागवून घेतली. स्वतः मागायचा सराव राहिलाच नव्हता.

कराड जवळ आलं तसा डावीकडे डोंगर दिसायला लागला. पाऊस संपून महिना झाला होता. गवत अजून उभं होतं, वरून पिवळं, बुडाशी हिरवं. आत्ती बोलायची थांबली. मग म्हणाली, "एवढासा कसा झाला ह्यो?"

तिच्या माहेरच्या गावातून जाताना शेजाऱ्यानं गाडी हळू केली. "आज्जी, उतरायचं का? घराची जागा बघायची?"

तिनं दोन्ही बाजूंनी बघितलं. स्लॅबची घरं, मोबाईलचं दुकान, एका बंगल्यापुढे सिमेंटचे दोन सिंह.

"हितं कोण हाय आता माजं?" ती म्हणाली. "पुढं घे."

पायऱ्या जिथं सुरू होतात तिथं गाडी लावली. पहिल्या वीस पायऱ्या आत्ती काठी टेकत ताठ मानेनं चढली. पुढच्या दहा माझा हात धरून. मग ती थांबली, धापा टाकत म्हणाली, "वाईच टेकाय काय असतं तर." शेजारी मागे फिरला आणि डोक्यावर लाल खुर्ची घेऊन आला. त्यानं ती पायरीच्या रुंद जागेवर ठेवली, रुमालानं पुसली आणि म्हणाला, "उचलनार न्हाई आज्जी. निस्तं बसा." अशी आमची वरात निघाली. दहा-बारा पायऱ्या चढायच्या, खुर्ची ठेवायची, आत्तीनं तिच्यावर बसून आमच्या दोघांकडे सरपंचासारखं बघायचं, पाणी प्यायचं आणि पुढे निघायचं. उतरून येणाऱ्या एका कुटुंबानं आमचा फोटो काढला. आत्तीनं पदर नीट केला.

अर्ध्या वाटेवर तिनं काठीनं उताराकडे दाखवलं. "ह्या अंगाचं समदं गवात आमी कापायचो. भारा डोक्यावर. खाली पाटलाच्या गोठ्यात न्हिऊन टाकायचा. दिवसभर कापलं की दोन भाकरी आन् कालवन."

"पायात काय असायचं?" मी विचारलं.

"पायात पाय," आत्ती म्हणाली.

वर पोचलो आणि वारा लागला. खाली सगळं कराड पसरलेलं, त्याच्या पलीकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात ती जागा उन्हात चमकत होती. चहूकडे ऊस. एका बाजूला साखर कारखान्याचा धूर सरळ वर चाललेला. लेण्यांच्या दारांपुढे गवतात सोनकीची पिवळी फुलं राहिली होती आणि वरच्या कड्यावर पोपटांचा कलकलाट. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी राहायला ही जागा निवडली त्यांना चांगलं बघायची आवड होती, यात शंका नाही. आत्तीनं खुर्ची कड्याकडे तोंड करून ठेवायला लावली आणि बराच वेळ बघत बसली. माझं वाक्य म्हणायला ती चांगली वेळ होती. मी म्हणाले, "ऊन लागेल, आत चला."

स्तूपाचं लेणं आतून थंड होतं. वटवाघळांचा वास, जमिनीवर बारीक धूळ. डोळे अंधाराला सरावले तसा समोर तो गोल, शांत दगड दिसायला लागला. बाजूच्या भिंतीवर कुणी कुणी आपली नावं कोरली होती, बदाम काढले होते, बाण काढले होते. माझा पारा चढला. "बघा, बघा ही अक्कल! शिकलेली माणसं ही! यांना..." आणि मी थांबले. पुढचं वाक्य कुठलं येणार होतं ते माझं मलाच ऐकू आलं.

आत्तीनं भिंतीवरून हात फिरवला. "त्यास्नी कुनी सांगितलं नसंल," ती म्हणाली.

मग ती स्तूपापाशी गेली. चप्पल बाहेरच काढली होती. काठी तिनं माझ्याकडे दिली आणि जोत्याला धरून हळूहळू खाली बसली. आमटी वाढताना, मेथी निवडताना बसते तशी, एक गुडघा वर करून. जोत्याच्या कडेला चरे होते. बारा वर्षांपूर्वी मी पाहिलेले तेच. बोटाएवढे लांब, काही उथळ, काही चांगले खोल, एकाशेजारी एक, सगळे एकाच बाजूला कललेले.

"ह्या न्हवं," आत्ती म्हणाली. "ह्या उजव्या हाताच्या हायत. माजी उलटी असनार."

ती बसल्या बसल्या सरकत पुढे निघाली. डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त शोधत होती. मी मागे वाकून चालले होते, माझ्यामागे शेजारी मोबाईलचा टॉर्च धरून. स्तूपाभोवती एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट आहे. आमची एक फेरी पुरी झाली. सापडली नाही. आत्ती पुन्हा दारासमोर आली तेव्हा तिचं लुगडं धुळीनं भरलं होतं आणि चेहरा लहान पोरीसारखा रडवेला झाला होता.

"गेली वाटतं," ती म्हणाली. "का म्या कवा वढलीच न्हाई? सपान हुतं का काय?"

"आत्ती, इतकी वर्षं झाली. झिजली असेल," मी म्हणाले. मला वाटलं हेच बरं झालं. रेघ नाही म्हणजे दोष नाही, सुटली बाई. पण तिचं तोंड बघून कळलं की तिला सुटायचं नव्हतं. तिला ती रेघ हवी होती.

शेजारी मागून म्हणाला, "आज्जी, तुमी बसायच्या कुठं पर? म्हंजे सगळ्या पोरी बसल्यावर तुमची जागा कुठली?"

आत्तीनं त्याच्याकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! मला मागं बसवायच्या की रं समद्या. माजं कोपार लागायचं त्यांच्या कोपराला. म्हनायच्या, डावरे, तू जा तिकडं भिताडाकडं."

आम्ही पुन्हा मागच्या बाजूला गेलो. तिथं उजेड अजिबात नव्हता. शेजाऱ्यानं पालथं पडून टॉर्च जोत्याच्या कडेला लावला. आत्ती भिंतीला पाठ टेकून बसली, डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला, विळा धरल्यासारखा. हात दगडावर टेकला, दोन बोटं इकडे सरकला आणि थांबला.

एकच रेघ होती. बाकीच्यांपेक्षा आखूड आणि उलट्या बाजूला कललेली. आत्तीचा अंगठा तिच्यात बरोबर बसला.

अंगठा खाली-वर फिरवत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मला डॉक्टर आठवले. डोळे चोळू नका असं सांगायचं होतं, तेही सांगितलं नाही.

"गावात मारुतीच्या देवळामागं धारंचा दगूड हुता," ती म्हणाली. "काळा, रुंद, लय चांगला. गावच्या समद्या बायका तितं इळं पाजवायच्या. आमी न्हाई. आमचा हात लागला की त्यो बाटायचा. म्या एकदा लावला, ल्हान हुते, ठावं नव्हतं. माज्या बाला चावडीवर उभा केला आन् मला आयनं इतकं मारलं, इतकं मारलं..." तिनं अंगठा पुन्हा रेघेत बसवला. "मग आमी सा-सात पोरी हितं वर यायचो. हितं कोन नसायचं. टाक्यातलं पानी वंजळीनं आनायचं, वतायचं, आन् घासायचं. गानी म्हनायचो. पांडवांचा रांजण म्हनायचे ह्येला. आमाला काय ठावं ह्यो कोन हाय ते? दीक्षा मागनं झाली. तवा बी कुनी सांगितलं न्हाई."

तिनं दगडावर तळहात ठेवला. म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"पर समद्या मुलखात ह्यो एकच दगूड हुता, मास्तरीण, ज्येला आमी हात लावला आन् त्यो बाटला न्हाई."

शेजाऱ्यानं टॉर्च तसाच धरून तोंड दुसरीकडे वळवलं. पोरांना मी स्तूप किती फूट उंच आहे, कुठल्या काळातला आहे, सगळं पाठ करून घेतलं होतं. हे मला माहीत नव्हतं. ज्या बाईनं माझ्या बाळंतपणात माझे पाय चेपले, तिला मी जेवणाच्या ताटावर बसून शाप दिला होता, आणि तिनं तो खरा मानून बारा वर्षं पाळला होता.

"आत्ती," मी म्हणाले. "मी त्या दिवशी हात झडले पाहिजेत म्हणाले."

"म्हनालीस."

"चुकलं माझं."

"व्हय, चुकलंच." तिनं नाक पदराला पुसलं. "पर तुजं बी खरंच हुतं. झिजीवलाय आमी त्येला. बग की केवढा चर पडलाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता रडाय काय झालं? फुलं काढ."

फुलं स्टीलच्या डब्यात आणली होती, अंगणातल्याच झेंडूची. मी डबा उघडला आणि सवयीनं ओंजळ भरून उठायला लागले. बारा वर्षांची सवय ती. आत्तीनं माझं मनगट धरलं.

"ठिव डब्यात."

तिनं डाव्या हातानं एक फूल उचललं आणि आपल्या रेघेपाशी ठेवलं. मग पुन्हा सरकत सरकत पुढच्या बाजूला निघाली. चऱ्यांच्या एकेका जागेपाशी थांबायची आणि एक फूल ठेवायची. "ही वरल्या आळीची, मुंबैला गेली, पत्ता न्हाई. ही पयल्या बाळंतपनात गेली. ही लय ग्वाड गायची. ही... हिचं काय झालं कुनास ठावं." शेजारी टॉर्च घेऊन तिच्याबरोबर सरकत होता, मी डबा धरून मागे. कुठली रेघ कुणाची हे तिला खरंच आठवत होतं की ती अंदाजानं ठरवत होती, ते मी विचारलं नाही. फुलं ठेवून झाल्यावर ती कशीबशी उठली, स्तूपासमोर हात जोडून उभी राहिली आणि त्रिसरण म्हणाली. मी आणि ती. शेजारी दाराशी आदबीनं उभा होता, हात पाठीमागे.

उतरताना ती खुर्चीत बसून उचलून घ्यायला तयार झाली. "आता न्ह्या," म्हणाली, "आता काय हरकत न्हाई." एका बाजूला शेजारी, दुसऱ्या बाजूला मी. दहा पायऱ्यांत माझी कंबर गेली. आत्ती वरून सूचना देत होती. घरी पोचलो तेव्हा यजमान दारात उभे होते. सिलिंडर आलाच नव्हता.

त्यानंतरचा रविवार. सकाळी अंगणात आत्ती फुलं तोडत होती आणि झाडाखालच्या मुंग्या दिसतात म्हणून कुरकुरत होती. विहारात पोचलो. ती दारापाशी थांबली, चपला काढल्या. मी नेहमीसारखा पिशवीसाठी हात पुढे केला.

आत्तीनं माझ्या हाताकडे बघितलं. पिशवी तिनं डाव्या हातात घट्ट धरली आणि म्हणाली, "सर बाजूला, मास्तरीण."

मी बाजूला झाले. आणि दारापाशी, चपलांच्या शेजारी जी जागा मोकळी झाली होती, तिथं जाऊन बसले.